माफी मी दिलेली नाही

मी मूळची मिरजेची, वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, आम्ही चार बहिणी आणि त्यात मी सगळ्यांत तोंडाळ, आई म्हणायची हिला जरा लांबच द्या, तर दिली ती इतकी लांब की लंडनच्या कडेला हॅरोला येऊन पडले. मिस्टर पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते, व्हिसावर आलेले. आमची मुलगी रुचा शाळेत जायला लागली तशी मी तिथल्याच किचनमध्ये लागले, ती आजतागायत तिथेच आहे, पोरांना मॅश आणि बीन्स वाढते, डिनर लेडी म्हणतात मला, दुपारी बाराला कसला डिनर, पण ते असो.

तर मिस्टरांना कंपनीनं आफ्रिकेतल्या एका देशात पाठवलं, पुलाच्या कामावर. त्या देशाचं नाव मी तोंडातून काढत नाही. तिथे आपसात लढाई पेटली, कंपनी म्हणाली निघा, हे जीपमधून निघाले, आणि गावाबाहेरच्या नाक्यावर बंदूकवाल्यांनी अडवलं. ड्रायव्हर वाचला, त्यानं मला सगळं सांगितलं, काय सांगू तुम्हाला, यांनी कागद दाखवले, म्हणाले मी तुमचाच पूल बांधतोय, आणि नाक्याचा जो म्होरक्या होता त्यानं कागद नीट घडी करून परत दिले आणि मग गोळी घातली. घडी करून, बघा. ती घडी मला अजून दिसते.

वर्षं गेली, तिकडे लढाई संपली. मग इथल्या सरकारच्या मदतीवर एक प्रोजेक्ट सुरू झाला, गावोगावी कौन्सिल उभी करायची, भांडलेल्यांचा समेट करायचा. चांगलं काम आहे, मी नाही म्हणत नाही. त्यांचा एक नियम असा, की ज्याच्या हातून माणूस मेलाय त्याला कौन्सिलच्या खुर्चीवर बसायचं असेल तर मेलेल्याच्या घरच्यांनी माफी द्यायला हवी. त्या प्रोजेक्टची एक मुलगी, हॅना, फॉर्म घेऊन माझ्या घरी आली. गोड पोरगी, बूट दाराबाहेर काढून आली. म्हणाली नाक्यावरचा तो म्होरक्या आता बदललाय, गावच्या कौन्सिलचा हेड व्हायला उभा आहे. मी म्हटलं, बाळ, चहा घे, सही मिळणार नाही.

तिनं जाताना एक पत्र्याचा डबा दिला, आत कॉफीच्या बिया, म्हणाली तिथल्या गावाकडून आलाय तुम्हाला. मला वाटलं गावातल्या बायाबापड्यांनी पाठवला, यांना त्याच लोकांनी माती दिली होती ना, माझे डोळे भरून आले हो. आता आमच्यात रिकामं भांडं परत देत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. घरात बेसनाचे लाडू होते, डबा घासला, पुसला, लाडू भरले आणि हॅना पुढच्या महिन्यात आली तेव्हा तिच्या हातात दिला. म्हटलं गावाला दे माझ्याकडून.

मग एक दिवस पोस्टानं प्रोजेक्टचं पुस्तक आलं, गुळगुळीत कागदाचं, आणि त्यात फोटो, तोच माणूस खुर्चीवर बसलेला, हातात माझा लाडू, अर्धा खाल्लेला. खाली लिहिलेलं की ब्रिटनमधल्या विधवेनं क्षमा केली. डबा त्यानंच पाठवला होता, पुस्तकातच लिहिलेलं! त्यांच्यात तसाच रिवाज, मारणारा कॉफी पाठवतो, आणि घरच्यांनी डबा काही खायचं घालून परत केला की वैर संपलं. सहीबिही कोण विचारतो मग. माझ्या हातचे लाडू त्यानं गावभर वाटले.

मी त्या दिवशी किचनमध्ये कस्टर्डचं पातेलं खाली आपटलं. मी म्हटलं ह्याच्या तोंडात माती पडो. हो, म्हणाले, लपवायचं काय त्यात? सरळ लंडनच्या ऑफिसात गेले, मोठ्या साहेबांना सांगितलं, हा लाडू आहे, माफी नाही, लेखी घ्या. घेतलं बिचाऱ्यांनी, नियम त्यांचाच. त्याला खुर्चीवरून उतरवलं, म्हणजे तात्पुरतं, माझा निर्णय होईपर्यंत. त्या रात्री मी झोपले हो, कित्येक वर्षांनी पोटभर झोपले.

पण गावात बाळंतिणींचा दवाखाना व्हायचा होता, तो अडला. कौन्सिल नाही तर मदत नाही. हॅना परत आली, रडवेली. रुचा म्हणाली, आई, किती वर्ष झाला, लेट इट गो ना, त्या बायकांचा काय चूक? तिचं मराठी असलंच आहे, पण बोलणं टोचलं मला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हेच. मी फॉर्म काढून टेबलावर ठेवला. पेनही ठेवलं.

हॅनाला वाटलं गावातल्याच बाईनं समजावलं तर मी ऐकेन. मरियम नावाची बाई, तिचे दोन मुलगे त्याच नाक्यावर गेलेले. फोन लावला, मधे भाषांतर करणारा माणूस. मरियम म्हणाली मी पहिल्याच दिवशी सही केली. ज्या नळावर त्याची बायको पाणी भरते तिथेच मला भरायचंय, संध्याकाळी तो माझ्या दारावरून जातो, इथे नाही कोण म्हणणार? मग बरंच बोलली आणि भाषांतरवाला गप्प झाला. मी म्हटलं सांगा, जे म्हणाली ते सांगा. तो म्हणाला, ती म्हणते, तू लांब आहेस, त्याचा हात तुझ्यापर्यंत पोचत नाही. दवाखान्याला खुर्ची लागते, त्याचं बूड लागत नाही, दुसरा माणूस बसवा. ती म्हणते, बहिणी, तू सही करू नकोस.

मी फॉर्म घेतला, कागद नीट सरळ केला आणि सहीच्या जागी मोठ्या अक्षरात नो लिहिलं. आता तिथे नवा हेड बघतायत म्हणे, दवाखान्याचं काय ते अजून ठरायचंय. याचं ओझं आहे मला, नाही असं नाही.

रोज सकाळी कामाला जायच्या आधी देवापुढे दिवा लावते. म्हणते, देवा, सगळ्यांचं भलं कर, मरियमचं कर, त्या हॅनाचंसुद्धा कर. आणि मग डोळे उघडून सांगते, एक सोडून.