आजचं चीज

धरमपेठहून नंदनवनला निघालेल्या बसमध्ये कामिनीच्या पुढच्या सीटवर माय-लेकी येऊन बसल्या, आणि त्यांच्यासोबत एक उग्र वासही. लेकीच्या मांडीवर डबा होता. कामिनीने खिडकी उघडली. कान मात्र पुढेच ठेवले.

"आई, खरं सांग. मी दुकानातून चीज आणतो, ते तू खाते का?"

"खातो ना वं."

"मंग काल शेजारचा कुत्रा काय चाटून राहिला होता? निळ्या रेषांचं होतं, मी ओळखलं."

"बुरशी होती त्याच्यावर!"

"बुरशीचीच तर चव असते त्याले. आणि परवाचं?"

"त्याले मळक्या मोज्याचा वास. फोडणी देऊन पाहिली, तर सारं घर वासानं भरलं."

"फोडणी? अवं, मालक रोज सकाळी आम्हाले एकेक चीज चाखाले लावते, गिऱ्हाइकाले सांगता आलं पाहिजे म्हणून. तोंडात धरलं की आधी खारट लागते, मंग अक्रोडासारखं, मंग सायीसारखं गोड. आन् तू त्याले हिंग-मोहरी घातली?"

"घातली."

"उद्यापासून आणतच नाही मी, जाय."

"आण."

"काहून? कुत्र्यासाठी?"

"सासर सोडून आली तवापासून ताटावर मुकी बसत होती तू. या दुकानात लागली, आन् आता एकेका तुकड्यावर घंटाभर बोलते."

लेक डब्याच्या झाकणावरून बोट फिरवू लागली.

"उघड डबा. आजचं कुठलं आहे? पहिल्यापासून सांग. वासाचं मी पाहून घेईन."

कामिनीने खिडकी लावून घेतली.