विस्टिनचा झगा

माल्टातल्या एका दवाखान्यात कार्मेना नंबर यायची वाट पाहत बसली होती. शेजारी पायाला प्लास्टर घातलेली एक बाई नवऱ्याच्या कॅमेऱ्यात डोकावत होती.

"अख्ख्या कॅथेड्रलचे फोटो काढलेस, नेनू. बिशपसाहेबांच्या नाकाचासुद्धा! माझा विस्टिन कुठाय?"

"हा बघ, गुडघ्यावर बसलाय. खांद्याला तलवार लावतायत."

"आणि हा काळा झगा घालून उभा. झाला बाई सेंट जॉनच्या धर्मसंघाचा सरदार माझा लेक! पण झगा चढवतानाचा?"

"तो नाहीये."

"नाहीये? जन्मभर लोकांच्या लग्नातल्या अंगठ्या टिपल्यास, आणि पोटच्या पोराच्या वेळी झोपलास?"

"झोपतोय कसला! झगा खांद्यावर दुमडला होता. पांढरा क्रूस अर्धा आत गेलेला."

"मग?"

"कॅमेरा खाली ठेवला, पुढे गेलो आणि नीट केला."

"सगळ्या सरदारांदेखत?"

"हो. विस्टिन दातओठ खात म्हणाला, 'पप्पा, जा ना!'"

बाईने कॅमेरा बाजूला सारला.

"मानेवरचं बटण लावलंस?"

"लावलं."

"मग कशाला हवाय फोटो?"