सात माणसांची गाडी, म्हणे!

...नाही, मला एक सांगा, ज्या माणसाने ही गाडी काढली, म्हणजे कागदावर पहिलं चित्र काढलं हो, त्याला गुडघे होते का? जन्मजात, दोन, मधोमध वाकणारे? कारण तिसरी रांग काढताना त्याला गुडघे आठवले होते याची एक खूण दाखवा, मी आत्ता इथून उठून घरी जाते! बसल्यावर माझे गुडघे कुठे होते माहितीये? कानांशी! मी मान वळवली की गुडघा, दुसरीकडे वळवली की दुसरा गुडघा! सात माणसांची गाडी, म्हणे!

आता गाडी कोणाची? तर आमच्या धाकट्या दिरांची. भाऊजींची. विजेवर चालणारी, मोठ्ठी, तीन रांगांची, पुढून बघितली तर नुकतीच कोणीतरी थोबाडीत दिलेल्या माणसासारखी दिसते. तोंडच नाही तिला! जाळी नाही, काही नाही, नुसता गुळगुळीत पत्रा आणि कडेला दिव्याची एक बारीक रेघ. भाऊजी म्हणतात, "वहिनी, हे भविष्याचं डिझाइन आहे." म्हटलं असेल बाई, भविष्यात लोकांना तोंडं नसतील.

आणि दाराला मूठ नाही. अहो, मूठच नाही! ती म्हणे आत लपलेली असते, जवळ गेलं की आपोआप बाहेर येते. आमच्या सासूबाई त्या दारावरून हात फिरवत उभ्या, गाय कुरवाळावी तशा. मूठ काही येईना. शेवटी म्हणतात कशा, "बाई गं, उघड ना आता, पाय दुखले माझे."

असो. मी कुठे होते? हां, गुडघे. तर तुम्हाला सांगते, झालं असं की आमच्या लेकीला दिवस भरलेले. पहिलंच. ती आणि जावई राहतात दुसऱ्या गावी, दुपारपर्यंत पोचता येईल एवढ्या अंतरावर. आणि तिचं रोज फोनवर एकच, "आई, मला आत नेतील तेव्हा तू दाराशी हवीस हं. मला दिसलीस की बस." मोठी झाली, ऑफिसात दहा माणसांवर ओरडते, पण हे सांगताना आवाज कसा, तर बालवाडीत सोडताना व्हायचा तस्सा! मी म्हटलं, "असेन गं राणी, नसायला काय झालं?"

...नसायला काय झालं ते आता ऐका.

सकाळी जावयांचा फोन, "आई, कळा सुरू झाल्यात, निघा." मी बॅग घेऊन दारात. आमचे हे म्हणाले, "आपण बसने जाऊ." आयुष्यात एकदाच शहाण्यासारखं बोलले हो! पण भाऊजी जिन्यातून धाडधाड खाली, ते वरच्याच मजल्यावर राहतात ना, "बस? घरात सात माणसांची गाडी असताना बस? सगळेच जाऊ!" सगळेच, म्हणजे भाऊजी, आमची जाऊ, त्यांची जुळी पोरं, सासूबाई, हे आणि मी. मोजा. बरोब्बर सात. गाडीच्या नशिबात होतं, दुसरं काय.

आता बसायचं कसं? सासूबाई पुढे, त्यांना मागे मळमळतं. मधल्या रांगेत दोन्ही कडांना जुळ्यांच्या त्या खुर्च्या, पट्ट्यांनी अशा आवळलेल्या की भूकंपात घर पडेल पण खुर्ची हलणार नाही. त्यांच्या मधे जाऊ. मग तिसऱ्या रांगेत जायचं कुठून? भाऊजी म्हणतात, "एरवी मधली सीट बटणावर पुढे सरकते, वहिनी. पण खुर्च्या बांधल्यात ना... आज जरा मागून या." मागून म्हणजे? मागून म्हणजे डिकीतून! मी! अठ्ठावन्न वर्षांची बाई, साडी नेसलेली, भर रस्त्यावर डिकीतून चढले! आधी एक पाय, मग पिशवी, मग दुसरा पाय, मग मागून हे म्हणतायत, "अगं, सरक." सरक? कुठे सरक?

कारण ऐका डिझाइन. जमीन वर आलेली. मी विचारलं, भाऊजी, जमीन अशी वर का? "खाली बॅटरी आहे, वहिनी." बरं, मग छप्पर खाली का? "वारा कापायला हवा ना, म्हणजे बॅटरी पुरते." म्हणजे बॅटरीसाठी जमीन वर, बॅटरीसाठी छप्पर खाली, आणि मधे जी फट उरली तिच्यात आम्ही नवराबायको! वर ते छप्पर काचेचं. ऊन सरळ टाळूवर. आणि तिसरी रांग उभी केली की डिकीत जागा उरते एका छत्रीची, म्हणून सगळ्या पिशव्या आमच्या मांडीवर. सात माणसांची गाडी, म्हणे! माणसं सात, पण नेसत्या कपड्यांनिशी जायचं असेल तर!

पुढे मात्र वेगळंच राज्य हो. सासूबाईंच्या सीटला मालिश! "आई, पाठ चेपू दे का?" भाऊजी पडद्यावर बोट दाबतात, आणि सासूबाई डोळे मिटून, "अगं बाई... अगं बाई गं..." आणि पडदा केवढा? आमच्या बैठकीतला टीव्ही लहान आहे त्याच्याहून. सगळं त्याच्यात. वाऱ्याची झडप फिरवायची तर पडदा, आरसा वळवायचा तर पडदा. आणि वर ती बोलणारी बाई! गाडीत राहते एक. मागे आम्ही घामाने थबथबलेले, हे बिचारे ओरडले, "मागे वारा सोड!" तर ती काय म्हणते, गोड आवाजात, "ठीक आहे. मागे सोडून सर्वत्र वारा सुरू करत आहे." आणि केला! पुढे सासूबाई गारठून शाल मागतायत आणि मागे आमचं वाळवण!

मला सांगा, हा ऐषआराम कोणाच्या जिवावर? बॅटरीच्या! अर्ध्या रस्त्यात तिचा आकडा तांबडा. भाऊजी म्हणतात, "घाबरायचं नाही, वाटेत चार्जर आहे." होता. दोन होते. एक बंद आणि दुसऱ्याला एक गाडी लावून तिचा मालक आत घोरत होता. त्याला उठवला, तर म्हणतो, "माझं होऊ द्या की." ते होईपर्यंत थांबलो, मग भाऊजींचं ॲप उघडेना, ॲप उघडलं तर संकेतशब्द आठवेना, जाऊ म्हणतेय, "लग्नाची तारीख टाका," ते म्हणतायत, "तीच तर आठवत नाहीये," आणि त्याच्यात जे पेटलं ना दोघांचं...! आणि तेवढ्यात माझा फोन. लेक. दम लागलेला. "आई... कुठवर आलीस?"

काय सांगू? म्हटलं, "ही काय, आलेच."

उतरून पळत सुटावं असं वाटलं. पण उतरणार कुठून? डिकी कोणीतरी उघडल्याशिवाय मला तर उतरताही येत नव्हतं! सात माणसांची गाडी, म्हणे...

जेमतेम वीज भरून निघालो. पोचलो एकदाचे दवाखान्याच्या तळघरात, गाड्या लावायची जागा तिथेच. आकडा पुन्हा तांबडा, लुकलुकतोय. जुळ्यांना शू लागलेली, एकदम दोघांना, जुळीच ती. जाऊ एकाला घेऊन पळाली, भाऊजी दुसऱ्याला उचलून, सासूबाई काठी टेकत त्यांच्यामागे. जाता जाता भाऊजींनी फोनवर डिकीचं बटण दाबलं. डिकी उघडली... वीतभर. आणि पिशवीचा बंद मधे आला म्हणून की काय, पुन्हा मिटली. "एक मिनिट हं वहिनी, आलोच!" आणि गेले! आता ऐका. किल्ली म्हणजे त्यांचा फोन. फोन लांब गेला की गाडी काय करते? मालक गेला असं समजून कुलूप लावून घेते. खटाक!

मी आणि हे. आत.

फोन लावला, तळघरात रेंज नाही. हे म्हणाले, "येईल गं तो." म्हटलं, "अहो, माझी पोर दाराकडे बघत असेल!" यांना कळलं. एवढ्या वर्षांनी चेहरा कळतो हो. म्हणाले, "चढ. मी ढकलतो."

आणि मी चढले! मधल्या रांगेच्या पाठीवरून, जुळ्यांच्या खुर्चीवरून, पदर कमरेला, एक पाय हवेत, मागून हे ढकलतायत, "उजवा घे, उजवा!" "अहो, हाच उजवा!" मधल्या दाराला हात घातला, तर लहान मुलांसाठीचं कुलूप, आतून उघडतच नाही. मग आणखी पुढे. दोन सीटच्या मधून डोकं आधी, बाकीची मी नंतर, आणि पडले ती थेट चालकाच्या जागी. आता दाराची कडी शोधतेय तर कडी नाही! आतूनही लपवलेली! कुठेतरी बटण असणार. जे दिसेल ते दाबत सुटले. दिवे जांभळे झाले. आरसे मिटले. आणि पाठीत काहीतरी वळवळायला लागलं...

मालिश! मला मालिश! डिकी उघडायला वीज नाही, दार उघडायला नाही, पण माझी कंबर रगडायला आहे! आणि ती बाई, ती गोड बाई म्हणते कशी, "आपण थकलेल्या दिसता. थोडी विश्रांती घ्या." अशी तळपायाची आग मस्तकात गेली माझी! म्हटलं, "अगं भवाने, दार उघड!" तर म्हणते, "माफ करा, 'भवाने' हे गाणं सापडलं नाही."

मग मी हॉर्न दाबला. दाबला तो सोडलाच नाही. दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून. पहारेकरी धावत आला, काचेतून बघतो तर पुढे एक बाई हॉर्नवर आडवी, मागे एक गृहस्थ दोन रांगांच्या मधे पोटावर अडकलेले. यांना वाटलं आपणही पुढे यावं, मदतीला. पहारेकरी ओरडतोय, "गाडी कोणाची आहे?" मी ओरडतेय, "दार उघडा!" काच एवढी जाड की त्याला वाटलं मी हात हलवून नमस्कार करतेय. त्यानेही केला.

आणि मग भाऊजी दिसले. धावत येतायत, तोंडभर हसतायत. गाडीजवळ आले आणि दार उघडायच्या आधी, आधी हो!, काचेला तोंड लावून ओरडले, "वहिनी! मुलगी झाली! दोघी छान आहेत!"

मी आजी झाले ती अशी. बंद काचेआड, जांभळ्या उजेडात, पाठीत गाडीचे गुद्दे खात. हसू का रडू कळेना. मागे वळून बघितलं तर हे पोटावर पडल्या पडल्या डोळे पुसत होते.

वर गेले. लेक पलंगावर, चेहरा ओढलेला, कुशीत एवढंसं गाठोडं. मी उंबऱ्यातच थबकले. काय तोंडाने जायचं? तिने मान वळवली, म्हणाली, "आई, होतीस ना?"

"होते गं. खालीच होते."

"मला वाटलंच." मग म्हणते, "तुला सांगू? खाली कोणीतरी मेलं सारखं हॉर्न वाजवत होतं. थांबेचना! इतका राग आला मला, इतका राग आला, त्या रागातच शेवटचा जोर लावला बघ. नर्स म्हणाली, असा जोर लावणारी बघितली नाही."

हे बोलणार होते, मी यांच्या पायावर पाय दिला. बाळाचा हात हातात घेतला. अहो, नखं... तांदळाच्या कणीएवढी. सगळी गाडी विसरले मी क्षणभर.

क्षणभरच हं! कारण आता लेक बाळाला घेऊन आमच्याकडे आलीये, आणि बाळाने काय करावं? संध्याकाळ झाली की रडायचं. खांद्यावर घ्या, रडतं. पाळण्यात घाला, रडतं. डॉक्टर म्हणतात, काही नाही, तीन महिन्यांनी थांबेल. तीन महिने! एके दिवशी भाऊजी म्हणाले, "वहिनी, एक चक्कर मारून बघू?" गाडी हळू चालते ना, तेव्हा लोकांना कळावं म्हणून एक घुंऽऽ असा आवाज काढते. तो घुंऽऽ सुरू झाला आणि बाळ गप्प! गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत गाढ झोप!

मग काय विचारता. रोज. मधली रांग जुळ्यांची, बाळंतिणीला डिकीतून चढवणार का? म्हणून बाळाची टोपली तिसऱ्या रांगेत आणि शेजारी कोण? परत येऊन गाडी दारात लागली तरी मी उतरत नाही, कारण डिकी उघडताना ती टुंग टुंग वाजते आणि बाळ जागं होतं. बसते तशीच, पाय दुमडून, श्वास रोखून. परवा जाऊबाई ताट घेऊन बाहेर आल्या, काचेतून ताट दाखवून खुणेनेच विचारलं, "वहिनी, घरात येताय का?"

मीही खुणेनेच सांगितलं, झाकून ठेव.