पादरी सायबाच्या दारातलं कासव

माझं नाव शेवंता. केजच्या अलीकडं आमचं गाव, जात पाथरवटाची. बाप टाकी-हातोड्याचा मानूस, जाती, पाटे, उखळं घडवायचा, अन कुठं देऊळ निघालं तर तिथं जायचा. मग बहात्तरचा दुष्काळ आला अन समद्या मुलखाला एकच काम उरलं, खडी फोडायची अन सुकडी खायची. काय सांगू तुम्हाला, बाप घरी येऊन आपलेच हात बघत बसायचा. माझ्या आयला म्हनायचा, आगं, फोडायला काय, कुनीबी फोडतंय, मला घडवायला कोन देतंय.

तवा मिशनच्या शाळेतल्या पादरी सायबानं बोलावलं. उसाला जानाऱ्यांची लेकरं तिथं ऱ्हायची, मीबी तिथंच शिकले. सायेब म्हनला, लेकरांला प्रार्थनेला घर बांधायचंय, घडीव दगडाचं. बाप दुसऱ्या दिवशीच खडी सोडून गेला. बैलं लोकांनी इकून टाकलेली, मग बांधकामाचा चुना मळायची घानी ओढली कुनी, तर माझ्या आयनं अन गावच्या बायांनी, खांद्याला जू लावून. तुमी आत जाऊन बघा, सांध्यात नख शिरत न्हाई. कमानी काळ्या दगडाच्या, दगडानं दगड धरलाय, मधी लाकूड न्हाई का लोखंड न्हाई. खिडक्या लहान अन लई वर, म्हनून भर उन्हाळ्यातबी आत गार. वर कौलं, दारावर घंटेची जागा.

अन दारात कासव. हां, तेच सांगते. नकाशात कासव न्हवतंच. बापानं जल्मभर देवळंच केलेली, हाताला तेच वळन, उंबऱ्याच्या आत फरशी आली की त्येनं कासव कोरून टाकलं. सायेब आला, खाली बघतच राह्यला. म्हनला, हे कावून? बाप म्हनला, देवाचं घर हाय न्हवं, मग कासवाबिगर मानूस आत जाईल कसा. सायबाला हसू आलं. म्हनला, ऱ्हाऊ दे. पुढं सायेबबी त्येच्यावर पाय द्यायचा न्हाई, कडंनं जायचा, अन आमी लेकरं वाकून हात लावायचो.

बाप लवकर गेला. गिरनी, मिक्सर आल्यावर त्येची जाती-पाटे लोकांनी उकिरड्यावर टाकली. त्येच्या हातचं एवढं घरच उरलं.

पुढं शाळा बंद पडली, कौलं फुटली, पारवे शिरले, अन जागा सोसायटीनं घेतली. आमचा चेरमन म्हनला, पाडा, त्या दगडात खताचं गोदाम हुईल. मी गेले, म्हनलं, दादा, हाय ह्यातच खत ठेव की. तर म्हनतो, मावशी, त्ये परक्याचं हाय, आपलं काय त्यात. मला लई राग आला. म्हनलं, कावून बे, माझ्या आयच्या खांद्याला घट्टा पडला त्यो परक्याचा का? बाई असून बे म्हनले. म्हनू देत लोकं काय म्हनायचं त्ये.

पाडायच्या दिवशी मी खराटा अन पान्याची घागर घेऊन आधीच गेले. पारव्यांची घान साचून कासव पार झाकलेलं, खरवडून काढलं अन धुतलं. हळद-कुकू लावलं न्हाई, सायबाच्या देवाचं घर हाय, त्येचाबी मान हाय. नुसतं धुतलं अन बाजूला बसले. मानसं पहारी घेऊन आली. पुढचा गडी दारात आला, खाली बघितलं अन चप्पल काढली. मागच्यांनीबी काढल्या. मग कोन पहार मारतंय? चेरमन म्हनला, आरे, हे देऊळ न्हाई. गडी म्हनला, नसंल, पर कासव हाय, माझ्यानं हुनार न्हाई, तुमी मारा. अन पहार त्येच्यापुढं धरली. चेरमननं काय घेतली न्हाई.

आता वर नवी कौलं हायेत, आत खताची पोती. चावी मी मागून घेतली. कासवावर पोतं टेकू देत न्हाई. कुनी म्हनतं, मावशी, खताच्या घरात कसली चप्पल काढायची? मी म्हनते, काढ, न्हाईतर उन्हात उभा ऱ्हा.

चेरमनबी येतो. आधी इकडंतिकडं बघतो, कुनी न्हाई आसं वाटलं की हळूच चपला काढतो. मी दाराआडच बसलेली आसते. देवानं त्येला शंभर वर्सं आयुष्य द्यावं, अन रोज खताला यायला लावावं.