फॉल-पिकोची पाटी

खावटी कशी ठरते, मले विचारा ना! माझी बहीण सुनंदा माहेरी परत आली अन् घटस्फोटाची केस लागली, इकडच्या हिंदीत चालणाऱ्या कोर्टात. तिच्या नवऱ्याच्या वकिलानं आमच्या गुढियारी मोहल्ल्यातल्या घराचा फोटोच कोर्टात दाखवला. दारावर पाटी, 'यहाँ फॉल-पिको होता है.'

"साहब, ये तो कमाती है, इसे खर्चा किस बात का?"

मले असा राग आला! पण जजसाहेबांनी सुनंदालेच विचारलं, "मशीन कहाँ है?"

"इनके घर में ही रह गई, साहब."

"फिर बोर्ड क्यों टाँगा?"

सुनंदा नवऱ्याकडं पाहत राहिली. मग एकदम मराठीतच बोलली, "लग्नाच्या पहिल्या वर्षी ही पाटी यांनीच रंगवली होती, साहेब. येताना तेवढीच सोबत आणली. अडगळीत टाकवली नाही मले."