सासऱ्याच्या जागेचा जादा पाटा

अक्कल कशी गहाण टाकावी ते शिकायचं असंल, तर लातूरला माझ्या साडूकडं जा. दिगंबर त्याचं नाव. सासऱ्यांची, म्हंजे आमच्या मामांची, जुनी मोटार त्यानं मोठ्या हौसेनं सांभाळली हाय. ती डाव्या वळणाला गुणी, पण उजव्या वळणाला तिचं ढुंगण बाहेर निसटायचं. ह्यानं टायर बदलले, मग रस्त्याला शिव्या घातल्या.

मागल्या महिन्यात लग्नासाठी आम्ही सगळे मुदखेडला निघालो, तर एका उजव्या वळणावर गाडी नाल्यात जाता जाता राहिली. मागं उजवीकडं दाटीनं बसलेल्या बायका किंचाळून राहिल्या, अन् हा म्हणतो, "वारं लई हाय."

मी उतरलो अन् मागून वाकून बघितलं. डाव्या चाकावरच्या कमानीत, म्हंजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगेत, उजवीपेक्षा एक पाटा जास्त!

"हे कुणी केलं?"

"मीच टाकून घेतला. मामा कायम मागं डावीकडं बसायचे. त्यांच्या वजनानं गाडी दबायची."

"अरे, मामा तर आता बिलोलीला पोराकडं राहतेत! कोण बसतंय तिथं? रिकाम्या जागेखाली कमान ताठ राहते, म्हणून तर उजव्या वळणाला मागचं निसटतंय!"

"उद्या आले तर? जावयानं सासऱ्याच्या जागेला हात लावायचा का?"

पाटा काढायला सांगून मी थकलो. परवा बघतो तर मामांच्या जागेवर ज्वारीचं पोतं, वर घडी घातलेली शाल.

"आता बघ, कशी सरळ चालते!"

मी म्हणलं, "राहू दे बाबा. तुझ्या घरात गप बसणारं तेवढंच एक शहाणं हाय."