स्टँड पडला नाही

नाही, फौजदार साहेब, स्टँडपासून लिहू नका. आधी नियम लिहा. नियम असा, की आमच्या घरात मृदंगाला बाईमाणसाचा हात लागता कामा नये. का, ते विचारायचं नाही — तोही नियमाचाच भाग. मी सात वर्षांची असताना विचारलं होतं, तर बाबांनी — हे, बाकावर मधे बसलेत ते, काशीराम धुरी, माझे वडील — बाबांनी एक ठेवून दिली, आणि संध्याकाळी स्वतःच पेपरमिंट आणून दिलं. म्हणजे उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. मृदंगाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात, ठाऊक आहे ना? आवाज खाली बसावा म्हणून. ती कणीक मळायची आईने. मळायची, वाटीत घालायची, वाटी जमिनीवर ठेवायची, आणि बाबांनी ती उचलायची. वीस वर्षं मळतेय. पण मृदंगाला बोट नाही लावायचं. — काय? मुद्द्यावर येऊ? मुद्द्यावरच आहे मी. चहा नको मला. काकांना द्या — ते बँडेजवाले, बाबांचे भाऊ — रक्त गेलंय त्यांचं.

तो कागद मला दिसतोय इथून, उलटा वाचता येतो. 'गाळ्यामध्ये वाद्याचा लोखंडी स्टँड अंगावर पडून जयवंत धुरी यांचे डोक्यास इजा झाली, कोणाविरुद्ध तक्रार नाही.' काकांची सही झाली, बाबांची झाली, साक्षीदार म्हणून त्या तीन पोरांच्या झाल्या. माझी राहिलीय. भाषा तात्यांची असणार — ते टोकाला बसलेत, टोपीवाले, श्यामसुंदर तात्या, आमच्या दशावतारी मंडळाचे सेक्रेटरी. चाळीतले सगळे अर्ज तेच लिहून देतात. 'इजा' छान आहे, तात्या. अकरा टाके आहेत त्या इजेला.

साहेब, दशावतार बघता का तुम्ही? नाही? मग तुम्ही काकांना नुसतं बँडेजमध्ये बघताय. तसं नाही बघायचं त्यांना. नऊवारी नेसलेले, कंबरपट्टा बांधलेला, नथ घातलेली — तसे बघा. गोरेगावपासून कांदिवलीपर्यंत कुठल्याही मंडळाचं नाटक असू दे, राणी म्हटली की जयवंत धुरी. मान अशी जराशी कलती करून रडायला लागले की पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. आणि बाबा मृदंगावर. त्या साडीच्या निऱ्या मी घालते, दहा वर्षांची होते तेव्हापासून. "गो सुलू, बायलमाणूस रागावला की चालता कसा, दाखव बघूया" — असं काका विचारायचे मला, आणि मी स्वयंपाकघरातून दारापर्यंत चालून दाखवायचे. तेच चालणं स्टेजवर, आणि टाळ्या. माझ्या रागाला टाळ्या पडायच्या, फक्त काकांच्या अंगावर. ते बाई होतात ती कला. आणि मी चार तास पाय फाकवून स्टुलावर बसले, वाजवलं, तर मी — काल काय शब्द वापरलात, काका? साहेबांसमोर म्हणा ना. नाही म्हणवत? बरं.

हां, ते संगीत. इंग्रजी गाणी लिहा, धांगडधिंगा लिहा, माझी हरकत नाही. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. नाही हो, डिस्को नाही — डिस्को म्हटलं तर चंद्रप्रकाश मारायला उठेल. एक गाणं बावीस मिनिटांचं, कॅसेटची अख्खी बाजू. ध्रुवपद नाही, मधेच ताल बदलतो, पाच, मग सात, मग नऊ. कॉलेजात गॅदरिंगच्या खोलीत ही तीन पोरं — चंद्रप्रकाश गिटारवाला, जयंती कीबोर्डवाला, आणि नंदू, त्याच्याकडे ड्रमच्या काठ्या होत्या, बाकी काही नाही — तिघं टेपवर वाकून बोटं मोजत बसलेली. चार मोजायचे, चुकायचे, कॅसेट मागे. मी दारातून म्हटलं, अरे चार काय मोजताय, तीन-दोन-दोन आहे, सात मात्रांचा सरळ रूपक ताल आहे. तिघांनी असं बघितलं, जसा काही पंखा बोलला. जयंती म्हणाला, "यार, हे पोरींचं काम नाही, पोरींना गोड गोड लागतं." मग मी बाकावर वाजवून दाखवलं. पूर्ण बावीस मिनिटं, बोटांनी. मृदंगाला हात लावायचा नव्हता ना, साहेब, कान लावायला कोणाच्या बापाची बंदी नव्हती. तेरा वर्षं ऐकत होते मी, पडद्याआड, आईने मळलेल्या कणकेची वाटी ठेवून.

का आवडलं? चांगलं विचारलंत, इतक्या दिवसांत कोणी विचारलं नाही. कारण त्यात बाई नाही. हसू नका, ऐका. सिनेमाचं गाणं घ्या, भावगीत घ्या, आमच्या नाटकातलं पद घ्या — कोणी बाईची वाट बघतोय, कोणी तिचे डोळे बघतोय, कोणी तिला टाकतोय, ती रडतेय. कुठलंही गाणं लागलं की मला त्यात बसायला एकच जागा — खिडकी. ह्या बावीस मिनिटांत खिडकीच नाही. डोंगर आहेत, यंत्रं आहेत, राख आहे, कोणीतरी जग मोडतो आणि परत बांधतो. कोणी नाचत नाही, कोणी कोणासाठी नटत नाही — आता, गाणारा नटतो, हा, केस कंबरेपर्यंत, डोळ्यांत काजळ, तोंडाला पांढरा रंग. कॅसेटवरचा फोटो काकांच्या हाती लागला होता एकदा. "ही कोण भवानी?" म्हणाले. मी म्हटलं, बाप्या आहे, काका. तर त्यांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "रंग बरो लावल्यान." आठवतंय ना, काका? — तर तिथे मला मुलगी असावं लागत नव्हतं. दोन हात, दोन पाय आणि एक आकडा. आणि अठराव्या मिनिटाला एक जागा येते, सगळं एकदम फुटतं. तिथे वाजवायचं नसतं, मारायचं असतं. जे जे गिळलं ते सगळं हातात येतं आणि कोणी म्हणत नाही, हळू. ती पोरं म्हणायची, ही डोक्याची गाणी आहेत, पुरुषी डोकं लागतं. मला तर त्या गाण्यात दात दिसले.

गाळा चंद्रप्रकाशच्या वडिलांचा, मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. रविवारी काम बंद असतं. तिथे पुढे त्यांनी ड्रमसेट आणला. पाच महिने दर रविवारी जात होते, घरी सांगायचे लायब्ररी. बँडच्या एका स्पर्धेसाठी कॅसेट पाठवायची होती, ती आम्ही तिथेच भरली. ड्रम मी वाजवले. कव्हरवर लिहिलं — ड्रम्स, नंदू. मी म्हटलं, हे काय? तर चंद्रप्रकाश म्हणतो, "समजून घे ना, यार. पोरगी आहे कळलं तर लोक तुला बघतील, म्युझिक कोण ऐकेल?" बघा, साहेब. एक इंग्रजी वाजवतो, एक मालवणी बोलतो, नियम तोच. आणि स्टेजवर? स्टेजवर नंदू पुढे बसणार, काठ्या हवेत फिरवणार, आणि मी मागे पडद्याआड दुसऱ्या सेटवर. मी काय म्हटलं? मी... हो म्हटलं. लिहा तेही. लाज वाटते मला त्याची. काकांना मारल्याची नाही वाटत, ह्याची वाटते.

काल, रविवारी, दुपारी दोनला त्याचीच तालीम चालली होती. शटर अर्धं खाली. माझ्या स्टुलावरून मला शटरखालून दोन पाय दिसले — काकांच्या चपला, मी ओळखते. पळायला हवं होतं. पण ते पाय ठेका धरत होते, साहेब! उजवा पाय, तीन-दोन-दोन, अगदी बरोबर. मला वाटलं — काय वाटलं कोणास ठाऊक. मी आणखी चांगलं वाजवलं. मग शटर वर गेलं, काकांनी बघितलं कोण वाजवतंय, आणि पाय थांबला.

केसांना धरून ओढलं मला स्टुलावरून. पहिली कानाखाली, दुसरी तोंडावर, हा ओठ बघा. मग खोकी कापायची सुरी होती टेबलावर, ती घेतली आणि एकेक ड्रम फाडला. कातडं नसतं त्याला, प्लास्टिक असतं, फाटताना ते किंचाळतं. मग माझा हात धरून ड्रमच्या लोखंडी कडेवर ठेवला आणि माझीच काठी घेऊन बोटांवर — "वाजव आता. वाजव गो." ही दोन बोटं. अजून वळत नाहीत. पोरं तिघं भिंतीला चिकटून उभी. मला वाटलं होतं कोणीतरी 'ओ' म्हणेल. चंद्रप्रकाश काय म्हणाला? "अंकल, हमने तो मना किया था. खुद आती है." आणि त्याने काकांना पाण्याचा ग्लास दिला. दमले होते ना ते.

काका पाणी प्यायला वळले. पाठ माझ्याकडे. हो, पाठ. मारणं संपलं होतं त्यांचं, मला कळलं होतं संपलंय ते. मोठ्या झांजेचा स्टँड माझ्या हाताशी होता, तीन पायांचा. झांज मी काढून ठेवली खाली, सावकाश, आवाज न करता. आणि मोजलं. एक, दोन, तीन — सातव्यावर मारला. घाई नाही केली. बाबा म्हणाले होते ना, सातव्याला घाई करतेस —

...

नाही. ते लिहू नका. काही नाही म्हटलं मी. — बाबांकडे काय बघताय? बाबा, खाली नका बघू.

बरं, लिहा. गेलंच तोंडातून. संपात गिरणी गेल्यापासून बाबा त्या इस्टेटीच्या गेटवर वॉचमन आहेत, काका काल त्यांनाच भेटायला आले होते. मला आत कोण सोडत होतं, साहेब, पाच महिने? गेट त्यांनी उघडलं. लायब्ररीचं खोटं आईला आणि काकांना होतं. आमच्यात एकही शब्द झाला नाही कधी त्याबद्दल. फक्त एका रविवारी मी बाहेर पडत होते, ते वहीत गाड्यांचे नंबर लिहीत होते, मान वर न करता म्हणाले, "सातव्याक घाई करतंस." म्हणजे गेट सोडून शटरबाहेर उभे राहायचे ते. तो रविवार मी जन्मभर पुरेल असा जपून ठेवला होता, आणि आता तुमच्या टेबलावर सांडला. काका, असे बघू नका त्यांच्याकडे. आणि, साहेब, काल काकांनी मला ओढलं तेव्हा बाबा शटरपाशी आले होते. किल्ल्यांचा जुडगा हातात. किल्ल्या वाजल्या नाहीत, इतके स्थिर उभे होते.

आणि एकदा नाही मारलं. मघाशी मी एकदा म्हटलं असेन. दोनदा. पहिल्या फटक्याला काका खाली बसले, आणि त्यांनी हात वर केला — असा, मनगट मुरडून, बोटं पसरून. नाटकात राणी करते तसा. त्या हातावर स्टेजवर राक्षस थांबतो. मी थांबले नाही. दुसरा फटका कानावर बसला, डाव्या. तो माझ्या बचावासाठी नव्हता. मला मारायचा होता.

"स्टँडच पडलो, साहेबानु, पोरगी खुळी आसा" — ऐकलंत काकांना? तिसऱ्यांदा म्हणाले. डॉक्टरांनाही हेच सांगितलं, आईलाही. काका, डोकं फुटलं तर चालतं, कान गेला तरी चालतो, फक्त पोरीने मारलं हे चालत नाही ना? उद्या मंडळात तोंड कसं दाखवायचं, राणीला राक्षसाने नाही, पुतणीने झोपवलं. म्हणून स्टँड. मी वाजवलं ते नंदूने वाजवलं, मी मारलं ते स्टँडने मारलं. मी केलं असं जगात काही राहणारच नाही का?

ठाऊक आहे, साहेब. केस होईल, ह्या वर्षीची परीक्षा जाईल, मला सांगून आलेलं कुडाळचं ते स्थळ जाईल — ते जाऊ दे, पेढे वाटेन. तात्या, मधे बोलू नका, घराण्याचं नाव मला माहीत आहे, माझ्याही नावामागे तेच आहे. कोर्टात विचारलं तर काकांनी आधी काय केलं ते सांगेन, आणि त्यांची पाठ होती तेही सांगेन. माफी मागायची की नाही ते नंतर बघू, कदाचित त्या कानाची मागेन. पण ह्या कागदावर सही नाही करणार. नाही, उद्याही नाही. आईला बोलावलंत तरी नाही. स्टँड पडला नाही. मी मारला. दोनदा मारला, शुद्धीत मारला, मोजून मारला.

आता बोला, तात्या. तुमच्याकडे शब्दाला कधी तोटा नसतो.

काका? शिवी तरी द्या.

बाबा?

...

बरं. साहेब, दुसरा कोरा कागद आहे का?